पूजेचा टोप आणि शिकलगाराची छाती

श्रीगजवदनास वंदन, आणि ज्यावांचून घडीभर चालत नाहीं त्या वायूस दुसरें वंदन. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते सालीं एका राज्याचे मोटारखान्यांत जें घडलें तें लिहितों. संवत्सराचें नांव क्रोधी, लिहिणाराचें मनही तैसेंच. कोणास राग आल्यास येवो.

त्या राज्यीं श्रीमंतांचे आजोबांची मोटारगाडी होती, ती साठ वर्षें गंजत पडली होती. चैत्रमासीं श्रीमंतांचे चित्तीं आलें कीं, दसऱ्यास जुन्या गाड्यांची स्वारी निघते, तींत आपली गाडी अग्रभागीं असावी. आणि आज्ञा जाहली, आणि मग मोटारखान्याचे कारभारी विसाजीपंत यांनीं गाडी सुटी करविली आणि गंज काढावयाचें काम दस्तगीर शिकलगार यास सांगितलें. दस्तगीराचे वाडवडील तलवारी उजळीत. तो दाबाच्या हवेनें बारीक खडा मारून लोखंड उजळी, ज्यास लोक सँडब्लास्टिंग म्हणतात. मोठा कसबी माणूस. तो हात जोडोन बोलिला, "पंत, नदीची वाळू नगं. ती आपटली की तिचं पीठ हुतं, आन् छातीत जाऊन बसतं ते परत निघत न्हाई. चासीला, म्हंजी गाडीच्या सांगाड्याला, गार्नेटचा खडा आणा; त्यो लाल कठीण दगड, त्याचं तसलं पीठ हुत न्हाई. मडगार्डाचा पत्रा पातळ, त्याला बारीक गार्नेट, दाब कमी, लांबनं आन् तिरकं मारायचं. कार्बोरेटर ॲल्युमिनियमचा, त्याला खायचा सोडा मारू. पाण्यानं धुतला की सोडा विरघळून जातोय." ऐसें शहाणपण कारभाऱ्यानें शिरीं धरावें! परंतु पंत हंसले आणि म्हणाले, "राज्याची नदी वाळूनें भरली असतां परमुलखीचा खडा आणावा? कामाचें नांवच वाळूवरून पडलें, आणि तुम्हांस वाळूच नको!" आणि नदीची वाळू गाड्या भरभरून येऊन पडली.

मग टोपाचें. तीन वर्षांमागें राज्यानें ह्याच कामासाठीं एक टोप आणविला होता. तो खांद्यांपर्यंत येई, डोळ्यांपुढें जाड कांच, आणि मागें नळी, जींतून बाहेरची स्वच्छ हवा आंत येई. परंतु तो आला खंडेनवमीचे दिवशीं. आणि त्या राज्याची चाल ऐसी कीं त्या दिवशीं जें हत्यार दारीं येईल तें पाटावर मांडावें. मग टोप पाटावर बसला, आणि हळदकुंकू जाहलें, आणि झेंडूची माळ पडली, आणि पंतांनीं ठरविलें कीं पूजिल्या वस्तूस माणसाचा उच्छ्वास लागूं नये. म्हणोन टोप मोटारखान्याचे देवघरांत कुलुपांत गेला! दस्तगीरानें तीन वेळां मागितला, तीन वेळां उत्तर आलें, "पूजेचा आहे, उष्टा होईल." आणि त्यास ओला रुमाल दिला. श्वास घ्यावयाची वस्तु, आणि तिला श्वासाचा विटाळ! दस्तगीर नाकास रुमाल बांधोन चार महिने त्या धुरळ्यांत उभा राहिला. अगोदरचीं तीन वर्षेंही मोटारखान्याचीं कामें त्यानें ऐसींच केलीं होतीं.

श्रावणांत मडगार्ड बाहेर आलें तें वाळल्या पापडासारखें वांकलें होतें. कार्बोरेटरचे बारीक छिद्रांत वाळूचे कण राहिले, ते इंजिनांत गेले आणि इंजिन घासलें. दस्तगीरानें आधींच सांगितलें होतें. श्रीमंत कोपायमान जाहले आणि दरबार भरविला, आणि तीन दिवस मडगार्डावांचून दुसरा विषय नाहीं. पत्र्यास किती लाटा पडल्या त्या मानकऱ्यांनीं बोटांनीं चांचपून पाहिल्या. दारापाशीं माणूस भिंत धरून खोकत होता, त्याकडे एकानेंही मान वळविली नाहीं. लाज वाटावी अशा दरबाराची!

मग दस्तगीराची बायको जैतुनबी पुढें आली. वैद्यांनीं काढलेला छातीचा फोटो तिचे हातीं होता. ती बोलिली, "सरकार, पत्रा ठोकून सरळ हुतोय. इंजिन नवं बसंल. ह्यांची छाती मी कुठल्या गॅरेजात नेऊ?" श्रीमंत पंतांस म्हणाले, "टोप असतां माणूस रुमालावर कां?" पंत म्हणाले, "सरकार, पूजेचा आहे. पहिलें कुंकू आपणच वाहिलें होतें." श्रीमंतांनीं देवघराची किल्ली मागितली.

मग देवघर उघडविलें. कांचेवर कुंकवाचा थर, आणि हवेचे नळीचे तोंडीं नारळ गच्च बसविला होता. श्रीमंतांनीं तो स्वहस्तें काढिला आणि हुकूम जाहला कीं आजपासून वाळू बंद, गार्नेट आणावें, खोली बंद असावी आणि धुरळा ओढणारा पंखा चालावा, खडा कोणताही असो, टोपावांचून कोणीं आंत जाऊं नये. ह्यांतलें गार्नेट आणि टोप दस्तगीर चैत्रापासून मागत होता, तें भाद्रपदांत श्रीमंतांचें शहाणपण म्हणोन लिहिलें गेलें. दस्तगीराचा भाऊ अमीन कामावर आला. दस्तगीर बाहेर स्टुलावर बसोन त्यास शिकवी; चार शब्द बोले आणि थांबे.

पुन्हां खंडेनवमी आली. पंत ताट घेऊन मोटारखान्यांत आले तों पाट रिकामा. टोप अमीनचे डोकीवर, आणि आंत काम चाललेलें. पंत कासावीस होऊन म्हणाले, "दस्तगीर, घडीभर टोप द्या. मुहूर्त टळतो." दस्तगीर म्हणाला, "पंत, मुहूर्त... पुढल्या साली... परत येतोय." पुढें त्यास कांहीं बोलायचें होतें, परंतु दम पुरला नाहीं. पंत ताट घेऊन परत गेले.

येणेंप्रमाणें जाहलें. पत्रा ठोकून, इंजिन नवें बसवून गाडी दसऱ्याचे स्वारींत अग्रभागीं चालली, मानपत्रीं विसाजीपंतांचें नांव आलें. दस्तगीराचे घरास अकरा पायऱ्या आहेत. तो तीन ठिकाणीं बसोन चढतो.