अंबादासरावांची ग्रंथपरीक्षा

सुज्ञ वाचकहो, जबलपूरच्या घमापुरातील एका पित्याने आपल्या कन्येकरिता रसायनशास्त्राचा ग्रंथ कोणत्या रीतीने निवडला, आणि त्या निवडीत निद्रेचा वाटा केवढा होता, हा वृत्तांत येथे यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे.

संरक्षण कारखान्यात नोकरीस असलेले अंबादासराव रात्रपाळीहून परतले, तेव्हा त्यांची कन्या प्रतिमा भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला परगावी वसतिगृहात राहून केमिकल इंजिनिअरिंग करावयाचे होते. प्रवेशही मिळाला होता. परंतु पित्याचा निर्णय असा, की मुलगी घरीच राहील व रसायनशास्त्र घेऊन इथेच बी.एस्सी. होईल.

“चाल ना माय, पुस्तक घेऊन येऊ,” ते लेकीस म्हणाले.

“कॉलेज तुम्ही ठरवलं ना बाबा? मग किताब भी तुम्हीच पसंत करा!”

“काहून चिडून राहिली वं?”

“जा ना मंग,” कणीक मळता मळता पत्नी कुसुमबाई म्हणाल्या. “सारं तुमाले समजते, तं पुस्तकबी समजनच.”

पुस्तकांचे दुकानदार श्यामसुंदरजी यांनी ग्रंथांची चळतच पुढे रचली. प्रत्येकाचे एक पान वाचावे व मनास भिडेल तो घ्यावा, असे ठरवून अंबादासराव पंख्याखालील बाकावर विराजमान झाले. पहिल्या ग्रंथात षट्कोनच षट्कोन होते, जणू तो मधमाश्यांनीच लिहिला असावा. दुसऱ्यात मात्र एका उंच मनोऱ्याचे चित्र होते. तळाशी द्रव उकळत होता आणि वाफ मजल्यामजल्याने वर चढत होती. अंबादासरावही तिच्यासवे चढू लागले.

मनोरा आता ग्वारीघाटी, नर्मदेच्या ऐन पात्रात उभा होता. पाण्यात सोडलेले दिवे वाहून न जाता संथपणे आकाशात चढत होते, आणि नावाडी वल्ही थांबवून वर पाहत होते. अगदी शेंड्यावर पिवळे शिरस्त्राण घातलेली प्रतिमा एक चक्र फिरवीत होती, आणि तसतसे नदीवरचे धुके सोनेरी होत होते. “बाबा, वर या ना! इथून आपलं घर दिसून राहिलं!” अंबादासरावांनी पायरीवर पाऊल ठेवले मात्र, तोच श्यामसुंदरजींचा आवाज कानी आला,

“दादा! किताब पढ़ रहे हो कि नहला रहे हो?”

गाल पानावर होता, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी लाळेचे छोटेसे तळे साचले होते.

“गौर से पढ़ रहा था, भैया.”

“अब तो ये आपकी हुई. मगर ये इंजीनियरिंग वाली है. बिटिया तो बीएससी में जा रही है ना?”

पैसे मोजून झाले. चुकीचा ग्रंथ पिशवीत आणि सोनेरी धुके डोळ्यांत घेऊन अंबादासराव सायकलीने घरी आले.

“प्रतिमा, ते काय झालं, माय...”

तोवर तिने ग्रंथ बाहेर काढलाही होता. मुखपृष्ठ तिने दोनदा वाचले. “इंजिनिअरिंगचं? बाबा, सच्ची? मला जाऊ द्याल?” इतक्यात ग्रंथ आपोआप त्या फुगलेल्या पानावर उघडला. “हे ओलं कसं? बाबा... तुम्ही दुकानात रडले?”

खरे सांगण्याची हीच घटका होती. सांगितले असते, तर मुलगी घरीच राहिली असती. अंबादासरावांना मनोऱ्यावरून आलेली हाक आठवली.

“थोडंसं,” ते म्हणाले. “गेल्यावर पत्र टाकत जाजो.” आणि आता मात्र खरोखरीचा एक थेंब पहिल्या डागाशेजारी टपकला.

कुसुमबाई हात पुसून जवळ आल्या. पतीच्या उशीचे अभ्रे धुण्यात त्यांचा संसार गेला होता. त्यांनी मोठा डाग निरखला, मग लहान, मग पतीचे मुख.

“अच्छा,” त्या म्हणाल्या, “लयच रडले म्हणायचे.” आणि ग्रंथ उन्हात वाळत ठेवला.

हे निवेदन अखेरपर्यंत जागेपणी वाचल्याबद्दल समस्त वाचकांचा ऋणी,
गुलाबराव मेश्राम, चेरीताल, जबलपूर.