मस्कतच्या दारात गूळ

"मॅडम, जहाज का टेन्शन तुम मत लो. हमारे यहाँ गिऱ्हाइक को गाडी नहीं लाने देते. तुम्हारे दारात लाके देंगे!"

राहू गावचे गुऱ्हाळवाले बाळासो यांनी हे ठणकावून सांगितलं आणि रुबाबात फोन ठेवला. मस्कतच्या सलमा मॅडमनी कंटेनर भरून गूळ मागवला होता. आख्खा कंटेनर! बाळासोंनी स्वतः अजून समुद्र पाहिला नव्हता आणि त्यांचा गूळ मात्र समुद्र ओलांडणार होता. मॅडम म्हणत होत्या, बंदरापर्यंत तुम्ही आणा, पुढचं जहाज मी ठरवते, भाडंही मीच भरते. पण ऐकतील ते बाळासो कसले?

"अहो, मस्कत कुठं आलं?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"समुद्राच्या पल्याड."

"मग त्यांच्या दारात कसं नेणार?"

मिशीवर फिरणारा बाळासोंचा हात तिथंच थांबला. आजवर गूळ कुठंही जावो, गाडी नेहमी घरची. तोंड सवयीनं बोलून गेलं होतं. मध्ये समुद्र आहे, तेवढं मात्र डोक्यात आलं नव्हतं.

तातडीनं भाच्याला, सतीशला, बोलावणं गेलं. तो कुरकुंभच्या एका कंपनीत माल पाठवायच्या खात्यात होता. शिफ्ट संपवून तो तसाच आला आणि ऐकून मटकन खाली बसला.

"मामा, माल परदेशी निघायच्या आधी हेच तर ठरवत्यात! जहाज कुणी बघायचं, भाडं कुणी भरायचं, वाटंत बुडालं तर कुणाचं बुडालं."

"बुडालं?"

"आता सगळं तुमच्या अंगावर आलं. फोन लावा, म्हणा चुकून बोललो."

"दिल्याला शब्द माघारी घ्यायचा? न्हाई जमायचं. बघ कुठं जहाज मिळतं का!"

सतीशनं न्हावा-शेवा बंदरातल्या एका एजंटकडून जहाजावर जागा मिळवली. अट एकच होती. ठरल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माल बंदरात हवा, नाहीतर जहाज थांबणार नाही. गावात मात्र बातमी फिरली ती अशी : बाळासोनं जहाज केलं! मांडवगण फराट्याहून सुवर्णाबाईंचे भाऊ जयसिंग चिडवायला खास आले. त्यांचंही गुऱ्हाळ होतं.

"दाजी, जहाजाच्या म्होरं बँड लावणार का नुसती हलगी?"

ठरल्या दिवशी सकाळी कंटेनर आला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. केवढा तो! शाळेचा वर्ग उचलून चाकांवर ठेवावा, तसा निळाशार डबा.

"असलं हजारो डबं एका जहाजावर बसत्यात मामा. एकावर एक."

"हजारो?" बाळासोंनी त्या पत्र्यावर हळूच तळहात टेकवला, देवळाच्या खांबावर टेकवावा तसा.

गुळाची खोकी भरली, नारळ फुटला आणि गाडी कालव्याच्या चारीलगतच्या अरुंद रस्त्याला लागली. इतक्यात समोरून दुसरा कंटेनर आला. हा लालभडक!

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. एका बाजूला पाण्यानं भरलेली चारी, दुसऱ्या बाजूला बाळासोंचाच ऊस.

"बाळासो का गुड़ उठाना है," लाल गाडीचा ड्रायव्हर म्हणाला. "मस्कतवाली मॅडम ने भेजा."

बाळासोंनी फोन लावला.

"भाईसाहब, आप पहली बार माल भेज रहे हैं," मॅडम म्हणाल्या. "लगा, आप संकोच में बोल गए. इसलिए चुपचाप मैंने भी गाड़ी और जहाज़ का इंतज़ाम कर दिया."

एवढ्या लांब गाड्या मागं घ्यायला दोन्ही ड्रायव्हर तयार होईनात. मागं ट्रॅक्टर अडकले, दुधाचा टेम्पो अडकला, शाळेची बस अडकली, आणि टेम्पोमागं, मजा बघायला निघालेले जयसिंगरावही अडकले. ऊन चढत होतं. तिकडं जहाज कुणासाठी थांबणार नव्हतं.

"मामा, आता गेलं जहाज," सतीश रडकुंडीला आला.

"का जाईल?" सुवर्णाबाईंनी पदर खोचला. "ऊस आपलाच हाय नव्हं? तोडा! लाल गाडी रानात घ्या. दादा, बघत काय बसलायस, उचल कोयता!"

आणि काय सांगावं! ट्रॅक्टरवाले, दूधवाले, बसचा ड्रायव्हर, सगळे उसात घुसले. बघता बघता फडात मोकळी जागा झाली. लाल गाडी डुलत डुलत आत शिरली आणि निळी तिच्या अंगाला घासते की काय अशी बाजूनं निघून गेली. पोरांनी बसमधून आरोळी ठोकली. संध्याकाळच्या आत सतीशला एजंटचा फोन आला : माल बंदरात पोचला.

पण रिकामी लाल गाडी अजून उसात उभीच होती. बाळासोंनी भीत भीत पुन्हा फोन केला.

"खाली मत लौटाइए," मॅडम हसल्या. "और गुड़ मिलेगा? भाड़ा तो मैं दे ही रही हूँ."

बाळासोंचा सगळा गूळ निघून गेला होता. हळूहळू सगळ्यांच्या माना जयसिंगरावांकडं वळल्या. गोडाऊन भरलेलं त्यांचंच होतं.

तर असं झालं! जहाज केलं बाळासोंनी, आणि बिनभाड्यानं गूळ गेला तो त्यांची टिंगल करणाऱ्या मेव्हण्याचा.

"माझ्या माहेरचं नशीबच थोर," सुवर्णाबाई हसू दाबत म्हणाल्या.

महिन्याभरानं बाळासो गुऱ्हाळावर बसले असताना फोन वाजला.

"भाईसाहब, गुड़ बहुत पसंद आया. इस बार जहाज़ कौन करेगा?"

बाळासोंनी छाती फुगवली, मिशीवर हात फिरवला आणि तोंड उघडलं. सुवर्णाबाईंनी त्यात गुळाचा मोठा खडा कोंबला आणि फोन आपल्या हातात घेतला.