माशीखाऊ झाडावरचा मावा

इकडे उत्तरेत, अलीगंजमध्ये, आमचे शेजारी डॉ. वानखेडे गेल्या पावसाळ्यात रोज सकाळी एका कुंडीला रागावत.

"माशा खातो ना बे तू? मग हे खसखशीएवढे किडे तुलाच कसे खाऊन राहिले?"

कुंडीत कीटकभक्षी झाड होते. पानांचे जबडे मिटून ते माशी पकडते. त्याच्यावरच मावा पडला होता. मावा इतका बारीक, की जबड्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. तो खुशाल रस शोषतो. झाड वानखेड्यांच्या नातीचे. बंगळूरला शिकायला जाताना ती ते आजोबांच्या स्वाधीन करून गेली होती.

मला कोडे पडले ते निराळेच. या गृहस्थांनी उभी नोकरी पिकांवरील मावा मारण्यात घालवली. उपायही त्यांनीच मला सांगितला.

"कुंडी दिवसभर पावसाच्या पाण्यात बुडवायची. मावा गुदमरतो, झाडाला काही होत नाही."

"मग बुडवा."

"बघू जी. घाई कायले करता?"

भिंग लावून ते ब्रशने थोडा मावा झाडत, थोडा राखत. माळ्याने कुंडी धुवायला घेतली, तर त्याच्यावर ओरडले. वयाचा परिणाम, असे मी ठरवून टाकले.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो असता नातीचा व्हिडिओ कॉल आला.

"नानाजी, कीड़े गए?"

"कुठं गेले, बेटा. हे बघ, या पानामागं."

फोन झाडाभोवती सावकाश फिरला.

"अरे यार. कल फिर दिखाइएगा."

"हो, हो. याच वेळी कर."

 

पुढे झाडाचे जबडे काळे पडू लागले. वानखेड्यांनी त्याच दिवशी कुंडी बादलीत बुडवली. झाड वाचले. नातीने ते फोनवर पाहिले, "बढ़िया, नानाजी" म्हणाली, आणि मग फोन येईनासा झाला.

रविवारी वानखेडे कुंपणापाशी आले. उकाड्याविषयी बराच वेळ बोलले. जाता जाता थांबले.

"देशपांडेजी, तुमच्या गुलाबावर मावा असेल. एखादं पान द्याल का?"

 मी चष्मा लावला आणि गुलाबाची पाने उलटी करून पाहू लागलो.