पप्पांना उठवू नको

“सुट्टीत पोरगी सांभाळायची कोणी, हा प्रश्न आमच्या घरात नाहीच!” असं मी कंपनीच्या कँटीनमध्ये छाती काढून सांगायचो. मी सुप्याच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला, बायको आरती नगरच्या एका दवाखान्यात नर्स, दुसऱ्या शिफ्टला. दुपारी कंपनीची बस दवाखान्यासमोर थांबली की आरती आमच्या सात वर्षांच्या राजनंदिनीला बसमध्ये चढवून माझ्या शेजारी बसवायची आणि ड्युटीवर जायची. पुढं सावेडीला आम्ही बापलेक उतरून घरी. रिले रेसमधल्या दांडीसारखी पोरगी या हातातून त्या हातात!

त्या दिवशी मशीन अडलं आणि माझी बस चुकली. कंपनीतल्या गोरक्षच्या मोटारसायकलवर मागं बसूनच आरतीला मेसेज टाकला, ‘थांब, मी येतोय.’ लगेच अंगठा आला. मी निश्चिंत!

दवाखान्यापाशी आरतीही नाही, पोरगीही नाही. वॉचमन म्हणाला, “मॅडम ड्युटीवर गेल्या की. पोरीला बसमध्ये बसवलं ना तुमच्याजवळ!”

“माझ्याजवळ? मी तर हा इथं उभा!”

मोबाईल बघतो तर मेसेज कंपनीच्या ग्रुपवर, आणि अंगठा मॅनेजरसाहेबांचा! आरतीचा फोन बंद. “गोरक्ष, बसच्या मागं घे!” म्हणून ओरडलो, तेवढ्यात माझाच फोन वाजला. कारखान्यात आमच्याच लाईनवर काम करणारा ज्ञानेश्वर. राहायला नागापूरला, बसच्या शेवटच्या थांब्यावर.

“अमृत, तुझी पोरगी माझ्या घरी हाय. लवकर ये. मी बाहेर हाय.”

“बाहेर का?”

“तू ये फक्त!”

गेलो तर ज्ञानेश्वर पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेला, दार आतून बंद. झालं होतं असं की, गडी माझ्याच जागेवर, माझ्यासारख्याच गणवेशात, तोंडावर रुमाल टाकून घोरत होता. आरतीनं घाईत पोरगी त्याच्या शेजारी बसवली. शेवटच्या थांब्यावर तो उठून पेंगतच घरी निघाला आणि राजनंदिनी गुपचूप मागोमाग. दारात त्याच्या बायकोनं, सत्यशीलावहिनींनी विचारलं, “ही कोण?” वळून बघतो तर हाच किंचाळला!

राजनंदिनीनं सरळ सांगितलं, “मम्मीनं मला यांच्याजवळ बसवलं. म्हणाली, पप्पांना उठवू नको.”

पप्पांना! वहिनींनी पोरगी आत घेतली, नवरा बाहेर ठेवला आणि कडी लावली.

मी दार वाजवलं. “वहिनी, पोरगी माझी हाय!”

“मित्राला वाचवाया आलात व्हय?”

शेवटी राजनंदिनीच खिडकीत आली. तोंडभर आमरस. “हेच माझे पप्पा. ते घोरणारे काका आहेत.” तेव्हा कुठं कडी निघाली.

“अगं, मग बसमध्येच का नाही सांगितलंस?”

“मम्मी म्हणाली होती, एक शब्द बोलायचा नाही!”

वहिनींना एवढं हसू आलं की त्या म्हणाल्या, “भाऊजी, उद्यापासून पोरीला इथंच सोडा. माझी दोन हायतच, तिसरी जड न्हाई.” सुट्टीचा प्रश्न चुटकीसरशी सुटला!

संध्याकाळी चहाच्या सुट्टीत आरतीचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “मग रुमालावरून मी गालगुच्चा कोणाचा घेतला?”

हे मी सत्यशीलावहिनींना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. शाळा सुरू व्हायला अजून बराच अवकाश आहे.