पुरेसे पाणी साठवून ठेवावे

शिवदास गावस यांनी आयुष्यात दोनच गोष्टींचं नियोजन मनापासून केलं होतं. एक, मुलीचा साखरपुडा. दुसरी, टाकीखालच्या व्हॉल्व्हची बदली. आणि दोन्ही नेमक्या एकाच आठवड्यात आल्या.

शिवदास पाणीखात्यात ज्युनियर इंजिनियर. त्यांच्या कुळणवाडीच्या टेकडीवर गावची टाकी होती आणि टाकीला एक जुना व्हॉल्व्ह होता. तो उघडला तरी गळायचा, बंद केला तरी गळायचा, आणि भर एप्रिलात गावच्या वाट्याचं पाणी खालच्या मळ्यात म्हशींना डुंबायला मिळायचं. म्हशींवर शिवदासांचा राग नव्हता, गळतीवर होता. शुक्रवारी दिवसभर पाणी बंद ठेवायचं, व्हॉल्व्ह बदलायचा, शनिवारी टाकी भरून घ्यायची, आणि रविवारी साखरपुड्याला इब्रामपूरचे सोयरे आले की घरच्या नळाला धो धो पाणी, असा बेत त्यांनी आखला.

"आयतवारी पाणी येतला मां?" त्यांच्या पत्नीने, विनोदिनीने, शंका काढली.

"अगो, पाणी माझ्या हातात आसा."

"ताच भय वाटता माका."

बुधवारी शिवदासांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली. 'शुक्रवारी पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी पुरेसे पाणी साठवून ठेवावे व काटकसरीने वापरावे.' सूचनेत तसं वावगं काही नव्हतं. पण 'पुरेसे' म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं, आणि शेजारी किती भरतोय ते पाहिल्याशिवाय कुळणवाडीत कुणी काही ठरवत नाही. न्हाणीतली भाणं, म्हणजे पाणी तापवायची मोठाली तांब्याची भांडी भरली, कळशा भरल्या, बादल्या भरल्या. गेल्या गणेशचवथीपासून उजेड न पाहिलेली पातेली माळ्यावरून खाली उतरली. शेजारच्या सगुणने तर नातवाचा फुगवायचा हौद अंगणात मांडला आणि काठोकाठ भरला. गुरुवारी संध्याकाळी शिवदास टाकीवर चढले तर आत तळ दिसत होता. शुक्रवारी बंद व्हायचं पाणी गुरुवारीच बंद झालं होतं.

रात्रभर पंप चालवून टाकी पुन्हा भरली. शुक्रवारी सकाळी ठेकेदार नवा व्हॉल्व्ह घेऊन हजर झाला. व्हॉल्व्ह झकास होता, फक्त पाइपाच्या तोंडाला बसत नव्हता.

"सोमवारी बदलून हाडतंय," ठेकेदार म्हणाला आणि टेम्पोत बसून गेलासुद्धा.

शिवदासांना मनातून हायसंच वाटलं. साखरपुड्याच्या तोंडावर जोखीम टळली! त्यांनी लगेच दुसरी सूचना टाकली. 'आज पाणीपुरवठा सुरळीत राहील. साठवण्याची गरज नाही. काळजी नसावी.'

सरकारी माणूस 'काळजी नसावी' म्हणाला की शहाण्याने काळजीला लागावं, एवढं कुळणवाडीला कळतं. शिवाय कालचं पाणी आता शिळं झालं होतं. आमच्याकडे कालची आमटी आज जास्त रुचते, कालच्या भाताची पेज होते, पण कालचं पाणी म्हणजे शिळं. तेच पाणी धरणात गेल्या पावसाळ्यापासून पडून असतं, त्याचं काही नाही. घरच्या पिंपात एक रात्र राहिलं की संपलं. तेव्हा सगळ्या वाड्याने, म्हणजे अख्ख्या वस्तीने, शिळं पाणी माडांना घातलं, अंगणं धुतली, जिपा धुतल्या, आणि नळ सुरू आहे तोवर ताजं भरून घेतलं. टाकीने संध्याकाळी पुन्हा तळ दाखवला.

शनिवारी शिवदासांचा संयम सुटला. तिसरी सूचना गेली. 'साठवलेले पाणी फेकू नये. ते पिण्यास पूर्णपणे सुरक्षित आहे.'

पाच मिनिटांत कुंपणावर सगुण उगवला. "सायबानू, पाण्यात काय पडला काय?"

"काय पडूक नाय! पाणी बरा आसा."

"मगे सुरक्षित म्हणान कित्या लिवलात? आजवर कधी लिवलात नाय ता?"

"लोक फेकतत म्हणान लिवलंय!"

"लोक फेकतत, म्हणजे कायतरी असतलाच," सगुण म्हणाला, आणि घरी जाऊन त्याने आधी नातवाचा हौद रस्त्यावर उपडा केला. लोकांनी साठवलेलं ओतलं, वर वाईट पाणी वाहून जावं म्हणून नळही मोकळे सोडले, आणि तासाभरात टाकी रिकामी होऊन वाड्याची गटारं भर पावसाळ्यासारखी वाहू लागली. आणि ही बातमी जवळच्या साखळी गावच्या बाजारात पोचेपर्यंत टाकीत म्हैस पडली होती.

रविवार उजाडला. शिवदास न्हाणीघरात गेले आणि तसेच बाहेर आले.

"भाणातला पाणी खंय गेला?"

"माडाक घातलंय," विनोदिनी केसात अबोली माळत म्हणाली. "सोयऱ्यांक काय शिळा पाणी देवचा?"

"आणि पिंपातला?"

"ताय घातलंय."

"अगो, नळाक पाणी आसा काय बघितलंस?"

"पाणी तुमच्या हातात आसा म्हटलात मां?"

शिवदासांनी नळ उघडला. नळाने लांब उसासा सोडला, दोनदा खोकला आणि गप्प झाला. वाड्यावरच्या विहिरीचा प्रश्नच नव्हता. तिला फाल्गुनातच कोरड पडली होती.

आणि सोयरे तर निघालेही असतील. मुलीने, गौरवीने, साईशला स्वतः पसंत केलं होतं. इब्रामपूरच्या त्याच्या आईवडिलांचं मन वळवता वळवता वर्ष गेलं होतं. मानी माणसं. पाय धुवायला पाणी आणि गुळाच्या खड्याबरोबर तांब्या पुढे आल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाहीत. आणि ओलांडला, तरी पोरीला जन्मभर ऐकावं लागणार, तुझा बाप पाण्याचा इंजिनियर आणि घरात चूळ भरायला पाणी नव्हतं! गौरवी नवी साडी नेसून दारात उभी होती.

"ट्यांकर मागवा," विनोदिनी म्हणाली. "हंय, दारात."

"सगळो वाडो सुको आणि माझ्या दारात ट्यांकर? लोक माका त्याच पाण्यात बुडवतले."

टँकर मागवला, पण तो वाड्याच्या तिठ्यावर उभा राहिला आणि रांग लागली. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले शिवदास कळशी घेऊन रांगेच्या टोकाला गेले.

"सायबानू, रांगेतसून येवा हां," कुणीतरी आदराने म्हणालं. "आमचा नियोजन बघा."

रांग पुढे सरकत होती. शिवदास एकदा टँकरकडे पाहत होते, एकदा साखळीच्या रस्त्याकडे. अखेर त्यांच्यापुढे एकटा सगुण उरला. सगुणची बादली भरली, आणि नळीतून शेवटचे चार थेंब पडून पाणी थांबलं.

"अर्धा घेवा," सगुण ओशाळून म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. एक पिकअप येऊन थांबली. चालवत होता साईश, शेजारी त्याचे वडील भिकाजी आणि आई सुलोचना, आणि मागे हौद्यात दोरीने बांधलेली निळी पिंपं. शिवदासांच्या हातात रिकामी कळशी. कुठे लपवावी हेही त्यांना सुचेना.

भिकाजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "व्याहीबुवा, म्हैस काढलात?"

"खंयची म्हैस?"

"टाकीतली. साखळीत आमचो भाचो आसा, तेणी फोन केल्यान. आमी म्हटला, हे असल्या पाण्यात सोयऱ्यांचा कसा व्हायचा? म्हणान विहिरीचा पाणी हाडलंव."

"पहाटे काढलेला आसा," सुलोचनाबाई घाईने म्हणाल्या. "शिळा नाय."

शिवदासांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाकीत म्हैस नाही, कधीच नव्हती, हे त्यांनी घरापर्यंतच्या वाटेत तीनतीनदा सांगितलं. भिकाजी प्रत्येक वेळी मान डोलावत होते, पण खरं काही वाटलेलं दिसत नव्हतं. मग विनोदिनीने सोयऱ्यांचे पाय सोयऱ्यांच्याच पाण्याने धुतले आणि सोयऱ्यांचाच तांब्या गुळाच्या खड्याबरोबर त्यांच्या हाती दिला. सुलोचनाबाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "घरच्यासारखा लागला." त्या खोचक बोलल्या नव्हत्या, पण विनोदिनीने नवऱ्याकडे एकदा पाहिलंच.

साखरपुडा छान झाला. अंगठ्या घातल्या, साखर वाटली, गौरवी पहिल्यांदा मोकळी हसली. आता सगळं पार पडलं असं वाटत असतानाच भिकाजींनी घसा खाकरला.

"आमची एक मागणी आसा."

विनोदिनीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. गौरवीने साईशकडे पाहिलं, साईशने वडिलांकडे. शिवदासांनी विचारलं, "काय ती?"

"लग्न लागापर्यंत तुमी गावाक पाण्याबद्दल कायएक कळवूचा नाय. पाणी बंद करूचा आसला तर गुपचूप करा. पण सांगू नका."

सगळे खळखळून हसले. शिवदास आधी कसनुसे आणि मग मनापासून हसले. "कबूल!" ते म्हणाले, आणि शब्द पक्का ठरावा म्हणून त्यांनी सर्वांसमोर फोन काढून गावचा ग्रुप सोडून दिला.

आणि योगायोग बघा, सकाळपासून चालू ठेवलेल्या पंपांनी अखेर काम केलं. अंगणातला नळ फुरफुरला आणि त्यातून चांगली मनगटाएवढी धार पडू लागली. विनोदिनीने हात जोडले. पाहुणे उठून अंगणात आले.

कुंपणापलीकडे सगुण फोन हातात धरून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गे, बाहेर ये!" त्याने घरात बघून हाक मारली. "सायब ग्रुप सोडून गेलो! सायबच पळालो म्हणजे आता काय खरा नाय. भर, गावता ता भर!"

वाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिंपं ओढल्याचा, कळशा आपटल्याचा आवाज उठला. अंगणातली धार आधी बोटाएवढी झाली, मग सुतळीएवढी. भिकाजींनी धारेकडे पाहिलं आणि ते मुलाकडे वळले.

"साईश, गाडी काढ. आणखी एक खेप मारूची लागतली."