भिवंडीत बघण्यासारखं

वैद्य गुरुजींनी मला फसवलं. माझं इंदूरचं कापडाचं गिऱ्हाईक त्यांनी एस.टी. स्टँडवरून उचललं आणि खाडी दाखवायला नेलं.

खाडी! अहो, त्या खाडीकाठी मी जन्मलो. तिथे चिखल आणि बगळे, दुसरं काही नाही.

वैद्य गुरुजी शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून छत्री घेऊन स्टँडवर उभे. नवा माणूस उतरला की पुढे व्हायचे, "प्रथमच आलात?" त्यांचं म्हणणं, भिवंडी कापडावर चालत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालते. "लॉज, रिक्षा, खानावळ, पानवाला, सगळे धरा शेठ. तुमचा व्यापारीसुद्धा पर्यटकच. त्याला कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच."

"गुरुजी, हितं बघायला हाय काय? लूम आन् खड्डे!" मी म्हणालो.

"लूम बघायला लोक पैसे देतील. खड्ड्यांचं मी अजून ठरवलेलं नाही."

आता माझी पद्धत सांगतो. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, बाजार बंद. म्हणून नव्या गिऱ्हाइकाला मी ट्रंककॉल करून मुद्दाम शुक्रवारीच बोलवायचो. सगळ्या पेढ्यांना कुलूप, माझी एकटी उघडी. भाव मी म्हणेन तो. यात लबाडी काय? डोकं लागतं.

इंदूरवाला सकाळी उतरला तो पेढीवर आला संध्याकाळी. बुटांना चिखल, चेहरा खूश. "सेठ, गुरुजी बोले, कल पूरा बाजार खुलेगा. आज लॉज में रुक जाता हूँ."

शनिवारी तो दहा पेढ्या हिंडला आणि मला भाव पाडायला लावला.

बरं, पुढे दिवाळीनंतर हाच माणूस बायको आणि मेहुण्याला घेऊन परत आला, खाडी दाखवायला! जाताना माझ्याकडून दुप्पट माल उचलला. म्हणजे गुरुजींनी मला बुडवलं की तारलं? मला अजून उलगडत नाही.

पण त्या शनिवारी बुडालोच होतो. तडक गावातल्याच टेमघरला त्यांच्या घरी गेलो.

"गुरुजी, माझ्या पोटावर का उठलात?"

"बसा. त्यांना काय जास्त आवडलं? खाडी, की बंद लूमची शांतता?"

"खाडी," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

त्यांनी एक कागद काढला. वर 'भिवंडीत बघण्यासारखं' असं ठळक अक्षरात, खाली खोडून खोडून भोकं पडलेली यादी. खाडी चौथी होती, ती पहिली केली.

"हे कोणासाठी?"

"सुमनच्या सासरी, पुण्याला धाडायचंय. पोरगी माहेरी निघाली की व्याही म्हणतात, भिवंडीत काय आहे बघायला? पाच वर्षं आलेली नाही. परक्यांना आवडलेलंच लिहितो. मला काय, सगळंच आवडतं."

भांडायला गेलो होतो, ती यादीच वाचत बसलो.

गुरुजींना मी सोडलेलं नाही, ते आमचं आम्ही बघू. पण पुण्याचे व्याही, आधी तुम्ही जबाब द्या. बापाला भेटायला निघालेल्या मुलीला त्या गावात आणखी काय बघायचं असतं?