पानशेपटी पालीचे वर्गीकरण आणि एक परवाना

ज्याचे मोजमाप झालेले नाही ते अस्तित्वात नाही, हे शास्त्राचे मूळ तत्त्व आहे, आणि सरकारचेही.

मादागास्करच्या पूर्वेकडच्या आमच्या जंगलात पानशेपटी पाल राहते. शेपूट वाळक्या पानासारखे चपटे. अंगाच्या कडेने कातडीची झालर, त्यामुळे खोडाला चिकटली की सावलीसुद्धा पडत नाही. पापण्या नाहीत, डोळ्यात काही गेले की जिभेने चाटून काढते. (माणसाला ही सोय नाही. आपण पुसत बसतो.) पूर्वी ही एकच जात होती. मग परदेशी शास्त्रज्ञांनी तिचे तोंड उघडून पाहिले आणि दोन जाती झाल्या: आतून तांबडी ती पहिली, काळी ती दुसरी. पालींना अजून कळवलेले नाही.

तोंड उघडायचे काम सतरा वर्षे माझ्याकडे आहे. आजवर बाराशे चाळीस पाली मोजल्या. चावल्या एकोणीस. महिन्यातले वीस दिवस मी जंगलात असतो आणि उरलेले दहा झोपेत.

गेल्या वर्षी माझी बायको सोआझाफी तापाने गेली. तिला वडिलांच्या कुळाच्या थडग्यात जायचे होते. जाताना तेवढेच मागितले तिने. ते गाव नदीपलीकडे, दुसऱ्या तालुक्यात. तिकडे न्यायला परवाना लागतो. म्हणून तिला तात्पुरते आमच्याच गावात पुरले आणि मी कचेरीत गेलो. साक्षीदार म्हणून तिची धाकटी बहीण केलिवावी बरोबर होती.

सोआझाफीचा जन्म कुठेच नोंदलेला नव्हता. कारकून फार सज्जन. म्हणाले, "जन्मलीच नाही, तर मेली कशी?"

नियमात मात्र तोडगा होता. दोघांनी वेगवेगळी तिची शारीरिक लक्षणे सांगायची. जुळली की बाई होती असे मानायचे. तक्ता पाहून मला हायसे वाटले. हुबेहूब पालीचाच. केलिवावीचे सांगून झाले, मग मला आत बोलावले.

"उंची?"

"माझ्या खांद्याला लागायची."

"डोळ्यांचा रंग?"

"काळा... काळाच असणार."

"अंगावरच्या खुणा?"

मी छताकडे पाहिले. तिथे एक साधी पाल होती. नर. शेपूट एकदा तुटून नवे आलेले.

"नाहीत," मी म्हणालो.

दारातून केलिवावी ओरडली, "अहो दाजी! कानामागे एवढा मोठा भाजल्याचा डाग! साहेब, यांना पालीचा घसा विचारा, झोपेत सांगतील. ताईकडे कधी दिवसा बघितलं असेल तर ना!"

कारकुनांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. "जुळत नाहीत. नियमाने या दोन वेगळ्या बाया."

"मग?" मी विचारले.

"हिनं गावच्या सुईणीचा जबाब लिहून आणलाय, त्याच्याशी हिचं वर्णन जुळतंय. हिच्या बाईला परवाना देतो. तुमची बाई काही सापडत नाही."

सोआझाफी होडीतून नदीपलीकडे गेली. आता वडिलांजवळ आहे. तक्त्याची प्रत मी मागून घेतली. डोळे तपकिरी, डावा किंचित फिका. उजव्या कानामागे भाताच्या पेजेने भाजल्याचा डाग. हसताना खालचा ओठ डावीकडे जातो. सर्व मोजमापे आता माझ्याजवळ आहेत. नमुना नाही.

तर वाचकहो, हसून झाले असेल तर एक करा. शेजारच्या खोलीत जे माणूस वावरते आहे, त्याच्याकडे न डोकावता पहिला रकाना भरा. डोळ्यांचा रंग. "काळाच असणार" हे उत्तर कचेरीत चालत नाही.